डबा स्वस्त, माती महाग: रामबागेतल्या एका गच्चीचा वर्षभराचा हिशेब

इंदूरच्या रामबागेतलं एक जुनं दुमजली घर. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी पाच माणसं: नवरा सियागंजातल्या एका दुकानात हिशेब लिहितो, बायको (आमच्या वहिनी) घरी शिवणकाम करते, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. भाजीचा खर्च महिन्याला अडीच हजारांच्या घरात गेला होता आणि त्याच सुमारास शिवणाची कामं रोडावली होती. दसरा झाल्यावर वहिनींनी गच्चीवर भाजी लावायचं मनावर घेतलं. त्यासाठी सहाशे रुपये बाजूला काढले आणि सुरुवातीला त्यावर एक पैसा घालायचा नाही, असं घरात जाहीर करून टाकलं.

मी त्यांचा शेजारी. माझी नोकरी शेतीखात्यात गेली, त्यामुळे गल्लीतल्या कुंड्यांची दुखणी माझ्याकडेच येतात. वहिनींनी आल्या आल्या विचारलं, "काका, डबे अटाल्यात, भंगारात मिळतील, मेथी-धने स्वयंपाकघरात आहेतच. मग खर्च होतो कुठे?" उत्तर थोडक्यात असं, की डबा स्वस्त, माती महाग आणि चुकीचं पीक सगळ्यांत महाग. ते कसं, हे खाली सविस्तर लिहितो.

घरमालक आणि वजन

गच्चीचे दोन भाग आहेत. पुढचा नंतर बांधलेला, सिमेंटच्या स्लॅबचा. मागचा जुना, लाकडी तुळयांवरचा. घरमालकांना धास्ती गळतीची, मला वजनाची. वीस लिटरची बादली काळ्या मातीने भरून पाणी घातलं की तीस किलोच्या आसपास जाते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. तेवढ्या जागेत अशा नऊ बादल्या खेटून बसतात, म्हणजे २७० किलो. ही बेरीज कागदावर मांडून दाखवल्यावर मागच्या भागाचा विषय संपला. पुढच्या भागातही बादल्या कडेकडेने, खालची भिंत जिथून जाते त्या रेषेवर ठेवायच्या, मधली जागा मोकळी सोडायची आणि प्रत्येक भांड्याखाली विटांचे तुकडे द्यायचे, म्हणजे वारा खेळतो आणि कुठे ओल धरली तर दिसते. घरमालकांनी आपली एक अट जोडली: पावसाळ्याआधी पन्हळीचं तोंड वहिनींनी साफ ठेवायचं. त्यांनी ते लगेच कबूल केलं. पुढे वर्षभर खालच्या मजल्यावरच्या चहात याच गच्चीवरची गवती चहाची पात पडत राहिली, हाही त्या कराराचा न लिहिलेला भाग म्हणायला हरकत नाही.

डबे निवडताना

दिवाळीआधीचे दिवस असल्याने जिकडेतिकडे रंगकाम चालू होतं. रंगाऱ्याकडून वीस लिटरच्या सहा बादल्या तीस रुपयांप्रमाणे मिळाल्या. त्या इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या होत्या. ऑइल पेंटचे डबे घ्यायचेच नाहीत, हे आधी ठरलं होतं. घरगुती रंगांतल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा घातलेली आहे. पण अटाल्यात किती वर्षं पडलेला डबा आहे हे कोण सांगणार? म्हणून चालू कामातलीच बादली आणि रंगाऱ्याने ओली असतानाच विसळलेली. आत पापुद्रा उरला असेल तर बादली उन्हात तापू द्यावी, तो सोलून निघतो.

पालेभाजीला खोलीपेक्षा पसारा लागतो. चोइथराम मंडीतले फुटलेले फळांचे क्रेट अटालेवाल्याकडे येतात. त्यातले चार पंचवीसच्या भावाने घेतले आणि आतून तांदळाच्या रिकाम्या पोत्यांचं अस्तर दिलं. तेलाचे पाच लिटरचे कॅन घरात आणि नातेवाइकांकडे होतेच. ते आडवे करून वरची बाजू कापली की मेथीपुरतं पात्र होतं. सासूबाईंचा आग्रह तेलाच्या पत्र्याच्या डब्यांचा होता. इंदुरात शेव-नमकीनवाल्यांकडे त्यांची काय कमी! पण चौकशी केली तर डब्याला चाळीस रुपये. शिवाय पत्रा उन्हात भाजून निघतो आणि तळ गंजतो. तो बेत सोडला.

मुलांनी औषधाच्या दुकानातून थर्माकोलच्या पेट्या आणल्या होत्या. त्या मला मुळीच आवडत नाहीत. उन्हात थर्माकोल भुसभुशीत होतं, मण्यामण्याने सुटतं आणि ते मणी मातीतून वेचून काढणं कोणालाही जमत नाही. सावलीत रोपं तयार करण्यापुरत्या त्या ठेवल्या. प्लास्टिकच्या भांड्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. २ आणि ५ हे आकडे भाजीसाठी बरे, १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ते उन्हाने लवकर कडक होऊन तडकतं. ३ आणि ६ टाळावेत. ६ म्हणजे थर्माकोलच्या जातीचंच. कीटकनाशक, ॲसिड, फिनाइल, इंजिन ऑइल यांचे डबे कितीही धुतले तरी नकोत.

भोकं तापवलेल्या सळईने, उघड्यावर, धूर तोंडावर येणार नाही असं उभं राहून पाडली. तळाला पाच-सहा, करंगळी जाईल एवढी. तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे; निचरा चांगला होतो असं सगळे सांगतात. होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खड्यांत सहज उतरत नाही, ते सीमेवरच थबकतं, आणि मुळांची तेवढी जागा आणि गच्चीवर तेवढं वजन फुकट जातं. भोकावर एक खापरी ठेवली की पुरे.

माती

इथे प्रकरण अडलं. रिकाम्या प्लॉटवरची काळी माती पोत्यात भरून स्कूटरवर आली आणि घाई करून पहिला क्रेट जवळपास निव्वळ त्याच मातीने भरला गेला. माळव्याची काळी माती शेतात सोनं आहे. ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, भेगा पडतात, आणि शेतात त्या भेगांतून तिची आपोआप उलथापालथ होते. बादलीत मात्र तीच सवय नडते. आक्रसलेली माती भांड्याच्या कडेपासून सुटते. वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट खाली जातं, भोकातून बाहेर पडतं, माणूस समजतो पाणी पोचलं, आणि मधला गड्डा कोरडाच. उलट सलग पाणी दिलं तर चिखल. त्या क्रेटातली मेथी चौथ्या दिवशी दाट उगवली आणि आठवडाभरात मानेशी कुजून कोलमडली.

बाजारात यावर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हा उपाय विकला जातो. चांगली वस्तू आहे, पण त्यांच्या सहाशेत तिच्यासाठी दोनशे-तीनशे काढायचे म्हणजे बाकी सगळं सोडायचं. मग हलकं, पाणी धरणारं आणि फुकट काय? उसाच्या रसाच्या गाड्यांमागे चिपाडांचे ढीग असतात. ती दोन पोती आणली, कोयत्याने तोडली आणि काही वहिनींनी लगेच मातीत मिसळली. तिथली पालकाची पानं पिवळी पडली. चिपाडात कर्ब भरपूर आणि नत्र नगण्य. ते कुजवणारे सूक्ष्मजीव लागणारं नत्र आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात आणि पीक उपाशी राहतं. चिपाड आधी कुजवूनच वापरायला हवं.

आणि कुजवण्याची गोष्ट इंदुरात बोलायची तर इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव टाळता येत नाही. १९२४ पासून १९३१ पर्यंत त्यांनी इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत, म्हणजे होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर, शेतातला काडीकचरा, शेण, राख आणि मूत मुरलेली माती यांचे थर रचून, ठरावीक मुदतीने उलथून साधारण तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्या कामात त्यांच्याबरोबर यशवंत वाड होते, पण इंदूरच्या मराठी माणसांनाही हे नाव फारसं ठाऊक नसतं, याची मला जरा खंत आहे. कापसाच्या पऱ्हाट्यांसारखा टणक कचरा लवकर कुजत नाही म्हणून तिथे तो रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. आपल्या रसवाल्याच्या चरकाने ते काम आधीच केलेलं असतं.

घरी जागा दोन बादल्यांची. तळाला भोकं, खाली चिपाड आणि वाळलेली पानं, त्यावर भाजीची देठं-सालं, त्यावर शेणकाल्याचा शिपका आणि मूठभर माती, पुन्हा चिपाड. दर आठवड्याला एका बादलीतून दुसरीत पालटायचं. एवढ्या लहान ढिगाला आच धरत नाही, त्यामुळे बिया मरत नाहीत. खत वापरलं की त्यातून टोमॅटोची आणि भोपळ्याची रोपं आपोआप वर येतात. वहिनींनी टोमॅटोची रोपं तिथूनच उचलली, बियांचा खर्च वाचला. (बाजारचे टोमॅटो बहुतेक संकरित, त्यामुळे फळ मूळ जातीसारखं येईलच असं नाही.) इंदुरात ओला कचरा वेगळा देण्याची शिस्त आता अंगवळणी पडली आहे, तो देवगुराड्याच्या प्रकल्पात जाऊन त्याचा गॅस होतो. २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्या प्रकल्पाची क्षमता रोजची ५५० टन होती. या घरची देठं-सालं कचरागाडीत गेली नाहीत म्हणून त्याचं काही अडणार नाही.

शेवटी मिश्रण ठरलं ते असं: एक भाग काळी माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग हे घरचं खत किंवा पानकुजा. शेणखताची दोन पोती साठ रुपयांप्रमाणे विकत घ्यावी लागली. वर किलोभर निंबोळी पेंड. भरलेल्या बादलीचं वजनही पुष्कळ उतरलं.

काय लावायचं, यावरचा वाद

वहिनींच्या यादीत पहिले होते बटाटे, कांदे, टोमॅटो आणि फुलकोबी. कारण साधं, पैसे त्यावरच सर्वांत जास्त जातात. वरवर तर्क बरोबर वाटतो. पण फुलकोबीचा एक गड्डा एक बादली जवळजवळ तीन महिने अडवून बसतो आणि हंगामात तो पंधरा-वीस रुपयांना मिळतो. बादलीभर बटाट्यांतून किलोभर निघाले तरी नशीब, आणि माळव्यात, चिप्सचा बटाटा जिथे शेतंच्या शेतं पिकतो तिथे, किलोभर बटाट्यासाठी गच्ची राबवणं मला तरी पटत नाही. कांद्याचं तर एका रोपाला एकच.

माझं म्हणणं असं होतं, की बाजारात किलोने स्वस्त मिळतं ते डब्यात लावू नये. चिमटीने किंवा जुडीने लागतं, रोज लागतं आणि विकत आणलं तर अर्धं फ्रिजमध्ये सडतं, ते लावावं. कोथिंबीर, मेथी, पालक, पुदिना, कढीपत्ता, हिरवी मिरची, लसणाची पात.

यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोथिंबीर तर भाजीवाला वरून फुकट टाकतो. त्यासाठी एवढा पसारा?"

"आई, पावसाळ्यात टाकतो का? मागितली तर तोंड फिरवतो."

सासूबाई दोघींच्या भांडणात हरल्या, पण मुद्दा त्यांचा सोडून देण्यासारखा नव्हता. थंडीत कोथिंबीर खरंच जवळजवळ फुकट असते. म्हणून थंडीत क्रेट मेथी-पालकाला दिले आणि कोथिंबिरीला एकच कॅन. धने हलके रगडून दोन फाकी केले, रात्रभर भिजवले. उगवायला आठ ते बारा दिवस घेतात, तेवढ्यात बरेच जण माती उकरून बघतात आणि नास करतात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात कापायला होते. बियांसाठी वाण्याकडची शंभर ग्रॅम मेथी घेतली तर ती पाकिटातल्या बियांपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. फक्त धने-मेथी भाजलेली किंवा जुनाट नको. मिरची, वांगी आणि पालक यांची मात्र वीस-वीस रुपयांची पाकिटं घेतली.

टोमॅटोला दोन बादल्या द्यायच्या, हा वहिनींचा हट्ट. मी आडवा गेलो नाही. माणसाला लालसर काहीतरी डोळ्यांपुढे हवं असतं.

पाणी, आणि टोमॅटोच्या बुडाचा काळा डाग

इंदुरात नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये आलं. जलूदहून सत्तर किलोमीटर उपसून आणलेलं हे पाणी गल्लीत एक दिवसाआड येतं. वहिनींची बागही मग एक दिवसाआड झाली: नळ आला की सगळ्यांना भरभरून, नसला की उपास. जानेवारीत टोमॅटो धरले आणि एकेकाच्या बुडाशी काळा, कातड्यासारखा डाग पडू लागला. कोणीतरी रोग म्हणून फवारणी सांगितली, कोणी अंड्याची टरफलं घाला म्हणालं.

हा रोग नव्हे. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून तिथली पेशी मरते, आणि ते कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढतं. मातीत ते असूनही पाणी कधी पूर आणि कधी दुष्काळ असं मिळालं की टोकापर्यंत जात नाही. टरफलं विरघळायला महिने लागतात. नळाच्या दिवशी एक पिंप वेगळं भरून त्यातून रोज ठरावीक दीड लिटर दर बादलीला घातलं आणि वर वाळक्या पानांचं आच्छादन केलं. आधीचे डागाळलेले टोमॅटो काही सुधारले नाहीत, नंतर धरलेले बहुतेक स्वच्छ निघाले.

याच हिशेबाने भांड्यांची संख्याही ठरली. तांदूळ-डाळ-भाज्या धुतलेलं पाणी धरून घरातून बागेला दिवसाला वीसेक लिटर निघतं. उन्हाळ्यात एक भरलेली बादली रोज दीड-दोन लिटर पिते. त्यापुढे भांडी वाढवली तर पाणी विकत घ्यायची वेळ येते आणि सगळा खेळ उलटतो. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी मी घालू दिलं नाही, त्यातला सोडा काळ्या मातीला आणखी घट्ट करतो. भांड्यांखाली ताटल्याही ठेवू दिल्या नाहीत. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडायला तयार होतो.

उन्हाळा आणि पावसाळा

मार्चअखेर मेथीला आणि कोथिंबिरीला तुरे आले, टोमॅटोची फुलं गळू लागली. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही गरम राहिलं की फळ धरत नाही. वहिनींना वाटलं आपलं काही चुकतंय. चुकत काहीच नव्हतं, बाग आवरती घ्यायची वेळ झाली होती. मे महिन्यात गवती चहाशिवाय सहाच भांडी चालू ठेवली: मायाळू, माठ, पुदिना, मिरची, कढीपत्ता आणि भिंतीच्या सावलीत अळू. सासूबाईंची जुनी सुती लुगडी दोरीवर ताणून दुपारची सावली केली, काळ्या बादल्यांना बाहेरून चुना फासला. बाकीच्या भांड्यांत पानं आणि चिपाड कोंबून, शेणकाला घालून, झाकून ठेवली; जूनपर्यंत त्यातच खत तयार.

पावसाळ्यात भेंडी वाया गेली. पांढऱ्या माशीने हळद्या रोग आणला, पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की त्याला उपाय नाही, झाडं उपटावीच लागतात. उरलेल्यांवर नीमतेल, लिटरला पाच मिली, साबणाच्या थेंबांसकट, संध्याकाळी. त्याने मावा आटोक्यात राहिला.

खरी कमाई केली ती गिलक्यांनी. पुण्या-मुंबईकडे ज्याला घोसाळं म्हणतात ते. दोन बादल्यांत दोन वेल, कठड्यावरून दोऱ्या. सुरुवातीचे दिवस नुसती नरफुलं येतात आणि लोक धीर सोडतात. सासूबाईंना दोडका हवा होता, पण दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्या वेळी मधमाश्या फारशा नसतात, परागीकरण हाताने करावं लागतं. गिलक्याची सकाळी उमलतात, काम माश्या करतात. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत आठवड्यातून दोनदा भाजी निघाली.

हिशेब

सुरुवातीचा खर्च: बादल्या १८०, क्रेट १००, शेणखत १२०, निंबोळी पेंड ५०, नीमतेल ६०, बियाणं ६०. एकूण ५७० रुपये. वर्षात पुढे खताचं एक पोतं, नीमतेल आणि बियाणं मिळून आणखी १८०. म्हणजे ७५०.

उत्पन्न वहिनींनी दुधाच्या वहीत मागच्या बाजूने लिहिलं. त्यांची रीत मला फार आवडली: भाजी काढली की ती त्या दिवशी खरंच विकत घेतली असती का, हे आधी विचारायचं, नसती, तर शून्य लिहायचं. अशा कडक हिशेबाने थंडीचे चार महिने महिना सव्वादोनशेच्या जरा खाली, उन्हाळ्यात पाऊणशे, पावसाळ्यात सव्वाशेच्या जरा वर. वर्षाचे सुमारे १,७०० रुपये. खर्च वजा जाता साडेनऊशे. तीस हजारांच्या वार्षिक भाजीखर्चापुढे हे उत्पन्न सहा टक्केही नाही, आणि कष्टाची मजुरी यात धरलेलीच नाही. 'गच्चीवर घरची सगळी भाजी' असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे वही मागावी.

तरी घरातल्यांचं मत अनुकूल आहे, आणि त्याचं कारण साडेनऊशे रुपये नव्हे. पालेभाजी आधी आठवड्यातून एकदा होत असे, थंडीत ती तीनदा होऊ लागली. मुलं स्वतः कापलेली मेथी खातात. शिवाय दुसऱ्या वर्षी माती नव्याने करायची नाही, फक्त खताने भरून काढायची, त्यामुळे खर्च दोनशेच्या आत राहील.

यंदा टोमॅटोची एकच बादली आहे, भेंडी नाही, दोन क्रेटांची अस्तरं फाटली म्हणून बदलली. पोत्याचं विणलेलं प्लास्टिक उन्हात वर्षभरही नीट टिकत नाही, धागे सुटायच्या आत काढलेलं बरं. गिलक्याचे वेल दोनाचे तीन करायचा विचार होता, तो वहिनींनी थांबवला आहे. भाडेकरार मार्चमध्ये संपतो. घर बदलावं लागलं तर बादल्या इथेच वाटून टाकायच्या आणि माती पोत्यांत भरून न्यायची, असं ठरलं आहे. टेम्पोवाल्याला ते अजून सांगितलेलं नाही.